दीड गुंठा

फाउंड्रीच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर
यांनी पट्टीनं रेघा मारल्या.
डावीकडं तालुके: हुक्केरी, चिकोडी, निपाणी, बैलहोंगल, खानापूर.
वरती पाणी, दवाखाना, बस, गुंठ्याचा भाव,
आणि शेवटी, जरा बारीक अक्षरात, भाषा.
चौतीस वर्षं साच्यात लोखंड ओतलेला माणूस,
काहीही आधी चौकटीत बसवून बघणार.

वडगावातली ही खोली सोडायची आहे.
मालकाच्या पोराला इथं टायरचं दुकान काढायचंय.
तर दर रविवारी स्कूटर,
मागं मी, मांडीवर डबा, डब्यावर तो कागद.

हुक्केरीला गेलो त्या दिवशी लग्नाची तिथी होती,
एजंटच भेटला नाही.
चौकट रिकामी.

चिकोडीला प्लॉट उसाच्या मधोमध.
कुबेर मगदूम म्हणाले, रस्ता येणार.
कुठून येणार ते हातानं दाखवलं, दोनदा, दोन दिशांना.
शेजारच्या दोरीवर धुतलेलं धोतर,
त्यावर कारखान्याची काजळी.
मी बोटानं पुसून बोट यांच्यापुढं धरलं.
यांनी लिहिलं: हवा, सहा महिने.

निपाणीला तंबाखूच्या वखारीमागं तयार घर.
घरमालकीण शिंकली, मी शिंकले,
मग हे, आणि सौदा तिथंच मोडला.
खरं तिथून कोल्हापूर हाकेवर.
लेक म्हणते, तिकडंच या की, पलीकडं.
पलीकडं असं म्हणते, जशी मधी नदी आहे.
मधी टोलनाका आहे
आणि एक चहावाला,
जो दोन्हीकडच्या गिऱ्हाईकांना सारखाच पांचट चहा देतो.

बैलहोंगलला काळी माती, चपलेला धरून बसते.
दार उघडलेल्या बाईनं भाव सांगायच्या आधी विचारलं,
ऊटा आतेन्री?
नाही म्हणायच्या आत ताटात भाकरी, शेंगाची चटणी, वर दही.
माझं कन्नड बाजारापुरतं:
किती, कमी करा, आज ताजी नाही काय.
बरं वाटलं म्हणायला शब्द हुडकत बसले,
तोवर तिनं दुसरी भाकरी वाढली.
येताना कागद बघितला.
भाषेच्या चौकटीत यांनी लिहिलेलं: जेवलो.

त्या रात्री हे झोपल्यावर
मी एक रेघ ओढली, पट्टीशिवाय, वाकडी.
वर लिहिलं: रात्री दोनला कुणाला हाक मारायची?
खाली सगळ्या तालुक्यांत काहीच लिहिता येईना.
या खोलीचं नाव कागदावर नव्हतंच,
नाहीतर लिहिलं असतं: निंगव्वा, समोरची,
जी यांच्या छातीत कळ आली तेव्हा
माग तसाच चालू ठेवून धावली
आणि दुसऱ्या दिवशी बिघडलेल्या साडीबद्दल
एक शब्द बोलली नाही, कन्नडात नाही, मराठीत नाही.

सकाळी यांनी ती रेघ बघितली.
पुसली नाही. पट्टी घेऊन सरळ तेवढी केली.

लेकीची सासू पुण्याची. एकदा हसत म्हणाली,
तुम्ही 'पण'च्या जागी 'खरं' म्हणता,
मग खरं बोलायचं असेल तेव्हा काय म्हणता?
तेव्हा सुचलं नव्हतं.
आता वाटतं, आमच्याकडं त्या दोन गोष्टी
वेगळ्या काढायला कुणाला वेळच झाला नाही.

परवा विसार दिला. खानापूर तालुक्यात, नंदगडच्या अलीकडं.
दीड गुंठा, दोन खोल्या, आड.
फणसाचं झाड मोजणीत शेजाऱ्याकडं जातं,
फांद्या आमच्याकडं.
उताऱ्यावर माझं नाव कन्नडात येणार,
मी ते रांगोळीसारखं बघणार,
कुठून सुरू होतं ते शोधत.
शेजारी कोण, अजून दिसलेलं नाही,
दाराला कुलूप होतं, कुलपावर ओला टॉवेल.

रात्री लेकीचा फोन.
आवडलं काय गं घर?
पाणी बरं आहे, म्हटलं.
बस चार आहेत, दवाखाना लांब,
ह्यांना हवा मानवेल बहुतेक.
खरं...

ती पलीकडं थांबून राहिली,
पुढचं ऐकायला.